‘डिमिनिशिंग रिटर्न्स’ रिपोर्टमध्ये कधी लिहायचं?

तुमचा प्रश्न असा की सेल सारखा उतरतोय, तर रिपोर्टमध्ये ‘वी आर सीइंग डिमिनिशिंग रिटर्न्स’ लिहिलं तर चालेल का. नाही चालणार. सेल नुसता पडत असेल तर सरळ ‘सेल्स आर फॉलिंग’ लिहा ना, वाचणाऱ्याला लगेच कळतं. मशीन जुनं झालं, स्टाफ थकला, काम हळू होतंय, यालाही हे लावू नका.

हे मुळात इकॉनॉमिक्समधलं, घटत्या फलाचा नियम. १८१५ च्या सुमारास रिकार्डो, माल्थस वगैरे अर्थशास्त्रज्ञ मंडळी धान्याच्या भावावरून वाद घालत होती तेव्हा हा मुद्दा पुढे आला, की जमीन तेवढीच आणि राबणारे हात वाढवत गेलात तर एका टप्प्यानंतर प्रत्येक नव्या माणसामागे पीक वाढतं ते आधीच्यापेक्षा कमी कमी. आता गंमत बघा, एकूण पीक वाढतंच आहे, फक्त वाढ आटत चाललीय, आणि बहुतेक लोक नेमके इथेच गडबडतात.

कॉम्प्युटरवाल्यांकडे याचं चोख उदाहरण आहे, ॲमडालचा नियम, १९६७ चा. प्रोग्रामचं ९५ टक्के काम प्रोसेसर्समध्ये वाटता येतं आणि ५ टक्के एकापाठोपाठ एकच करावं लागतं असं धरा, तर १६ प्रोसेसर लावून वेग साधारण ९ पट होतो, ३२ लावले की साडेबारा पट, आणि पुढे कितीही ओता, २० पटीच्या वर जातच नाही.

म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्ये काहीतरी वाढवलेलं दिसलं पाहिजे, पैसा, वेळ, माणसं, काहीही. जाहिरातीचं बजेट दुप्पट केलं आणि सेल वाढला पण अगदी किंचित, तर खुशाल लिहा, ‘वी हॅव रीच्ड द पॉइंट ऑफ डिमिनिशिंग रिटर्न्स ऑन ॲड स्पेंडिंग’. ते ‘ऑन’ आणि पुढचं गाळू नका, कशावरचे रिटर्न्स ते कळायला हवं. बजेट वाढवल्यामुळे सेल उलटा कमीच झाला तर ते ‘निगेटिव्ह रिटर्न्स’, ती वेगळी भानगड.

आणि हो, ‘रिटर्न्स’ अनेकवचनीच ठेवा, ‘डिमिनिशिंग रिटर्न’ कानाला खटकतं. ‘लॉ ऑफ’ जोडलंत तर आधी ‘द’ लावा, पण ऑफिसच्या मेलमध्ये तो लॉ कशाला, उगाच भारदस्त वाटतं.