शब्दांची वही मिटा, व्हायोलिन कपाटातून काढा

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी वाणिज्य शाखेत शिकत आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. चार वर्षे हार्मोनियम शिकल्यानंतर गेली तीन वर्षे ती व्हायोलिन शिकते आणि तिला त्यातच पुढे जायचे आहे. एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थेच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड ५ थिअरीच्या परीक्षेत तिला ७५ पैकी ४३ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी ५० लागतात. तिचे सर म्हणतात की कीज (स्वरपट्ट्या) आणि इंटरव्हल्स (दोन स्वरांमधली अंतरे) कच्चे आहेत, परंतु माझ्या मते खरी अडचण इंग्रजीची आहे. म्हणून मी संगीतातील अडीचशे इंग्रजी शब्द मराठी अर्थांसह वहीत उतरवून दिले असून, ते पाठ होईपर्यंत व्हायोलिन कपाटात बंद ठेवले आहे. इंग्रजी संभाषणाचा वर्गही लावला आहे. इंग्रजी कच्चे असताना संगीतात करिअर होऊ शकते का, की तिला वेळीच सीएकडे वळवावे? वहीच्या दोन पानांची छायाप्रत सोबत जोडली आहे.
– एक पालक, कराड

उत्तर : सात गुणांनी हुकलेल्या परीक्षेपेक्षा कपाटात बंद केलेले व्हायोलिन मला अधिक गंभीर वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. व्हायोलिनवर गिटारसारखे पडदे नसतात. बोट नेमके कुठे टेकवायचे हे रोजच्या सरावाने हात आणि कान मिळून ठरवतात, आणि सराव तुटला की सुरेलपणा सर्वांत आधी बिघडतो. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. ज्या शब्दांमुळे आपले वाद्य काढून घेतले गेले, त्या शब्दांविषयी सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात कोणती भावना तयार होईल, याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. तुमच्या पत्रात गुण आहेत, वही आहे, वर्ग आहे आणि सीएसुद्धा आहे. परंतु मुलगी स्वतः या सगळ्याविषयी काय म्हणते, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. तिच्या सरांनी नेमके निदान करून दिले होते, तेही तुम्ही बाजूला सारले. हे तुम्ही काळजीपोटी केले आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही हे दडपण आहे, आणि ते चुकीच्या जागी पडते आहे.

आता वहीविषयी. ती दोन पाने मी लक्षपूर्वक वाचली. अक्षर सुरेख आहे आणि मेहनतही दिसते. त्यात ‘फ्लॅट – सपाट’, ‘शार्प – धारदार’, ‘की – किल्ली’, ‘टाय – गळपट्टा’ असे अर्थ दिले आहेत. हे शब्दकोशातले अर्थ आहेत आणि संगीताच्या कागदावर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. तेथे फ्लॅट म्हणजे स्वर अर्ध्या स्वराने खाली आणणारी खूण आणि शार्प म्हणजे तो तेवढाच वर चढवणारी खूण. टाय म्हणजे एकाच उंचीच्या दोन स्वरांना जोडणारी कमान. दुसरा स्वर नव्याने न वाजवता पहिलाच तेवढा काळ लांबवायचा. अगदी तशीच दिसणारी कमान वेगवेगळ्या स्वरांवर असली की तिला स्लर म्हणतात, आणि व्हायोलिनवर तिचा अर्थ असा, की ते सगळे स्वर गज न बदलता एकाच ओढीत वाजवायचे. तुमच्या मुलीचा उजवा हात गेली तीन वर्षे हे रोज करत होता. तिला स्लरचा मराठी अर्थ पाठ करायला लावण्याऐवजी तिच्या समोरच्या पानावर स्लर दाखवून ‘हे वाजव’ एवढे म्हटले असते, तर तो शब्द तिच्या लक्षात कायमचा राहिला असता.

याच पानांवर क्रॉचेट आणि क्वार्टर नोट, क्वेव्हर आणि एट्थ नोट, बार आणि मेझर हे स्वतंत्र शब्द म्हणून आले आहेत. ही एकाच गोष्टीची ब्रिटिश आणि अमेरिकी नावे आहेत. एबीआरएसएम ही ब्रिटिश संस्था असल्याने मुलीने ब्रिटिश नावे पक्की करावीत आणि अमेरिकी नावे पाहून ओळखता आली तरी पुरे. एवढ्यानेच यादी बरीच आटोपशीर होईल.

वहीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेल्या एका वाक्याकडे मात्र गांभीर्याने पाहिले पाहिजे. ‘सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, ग म्हणजे ई’ असे तुम्ही लिहिले आहे. हा गैरसमज आपल्याकडे अतिशय पसरलेला आहे आणि माझ्या मते तिचे गुण मुख्यतः येथेच गेले आहेत. सी ही ठरलेल्या उंचीच्या स्वराची जागा आहे. सा ही गायकाने किंवा वादकाने निवडलेली आधाराची जागा आहे. हार्मोनियम शिकलेल्या मुलीला हे निराळे समजावून सांगण्याची गरजही नाही, कारण कुणी काळी एकमध्ये (म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून) गातो, कुणी काळी चारमध्ये, हे तिने पाहिलेलेच असते. सा म्हणजे सी हे फक्त पांढरी एकच्या पट्टीत खरे ठरते. आता तिला हार्मोनियमवर पांढरी दोन हा सा धरून बिलावलचे सगळे शुद्ध स्वर वाजवायला सांगा. तिला शुद्ध गंधारासाठी काळी तीन आणि शुद्ध निषादासाठी काळी एक दाबावी लागेल. पाश्चात्त्य लेखनात यालाच डी मेजर म्हणतात, आणि ओळीच्या सुरुवातीला एफ आणि सी या स्वरांवर जे दोन शार्प लिहिलेले असतात, त्या याच दोन काळ्या पट्ट्या. ओळीच्या सुरुवातीच्या अशा खुणांनाच की सिग्नेचर हे नाव आहे. यातून दुसरी चूकही सुटते. शार्प दिसला की तो तीव्र स्वर, असे मुले गृहीत धरतात. पण डी मेजरमधला एफ शार्प हा शुद्ध गंधार आहे. कोमल आणि तीव्र हे साच्या संदर्भाने ठरतात, शार्प आणि फ्लॅट मात्र स्वराच्या नावाच्या संदर्भाने लिहिले जातात. इंटरव्हलचेही तसेच. सा ते शुद्ध ग हे मेजर थर्ड, सा ते कोमल ग हे मायनर थर्ड आणि सा ते प हे परफेक्ट फिफ्थ. मोजताना पहिला आणि शेवटचा असे दोन्ही स्वर धरायचे. ही अंतरे तिच्या कानात सात वर्षांपासून आहेत. त्यांना फक्त नवी नावे मिळायची आहेत, आणि ‘सा म्हणजे सी’ हे वाक्य त्या नावांच्या आड येते आहे. ते वाक्य आजच खोडा.

तालाच्या बाबतीतही तिच्याकडे भांडवल आहे. ३/४ आणि ६/८ या दोन्ही तालखुणांमध्ये एका बारमध्ये (तालाच्या एका खणात) सहा क्वेव्हर (क्रॉचेटच्या निम्म्या काळाचे स्वर) मावतात, म्हणून मुले गोंधळतात. ३/४ मध्ये त्यांचे दोन-दोनचे तीन गट होतात, ६/८ मध्ये तीन-तीनचे दोन. ज्या मुलीने ‘धा धी ना, धा ती ना’ हा दादरा हातावर धरला आहे, तिला ६/८ चे गट व्याख्या पाठ न करता लावता येतील.

इंग्रजी कच्चे म्हणजे स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) कच्चे, ही तुमची मूळ धारणा गोव्याच्या इतिहासाने फार पूर्वीच खोटी ठरवली आहे. पोर्तुगीज काळातील चर्चच्या पाठशाळांमध्ये मुले दो, रे, मी म्हणत नोटेशन गाऊन वाचायला शिकत आणि मग वाद्य हाती घेत. त्या शिक्षणाची भाषा इंग्रजी नव्हती. त्याच परंपरेतले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि अनेक संगीतकारांच्या चालींचे वाद्यमेळासाठी लेखन त्यांनी केले. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे व्हायोलिन गोन्साल्विस यांच्याकडे शिकले. कागदावरची खूण पाहताच स्वर मनात ऐकू येणे, हे त्यांचे खरे कौशल्य होते. शिवाय अलेग्रो, अंदान्ते, क्रेशेंडो, लेगाटो हे शब्द इटालियन आहेत. लंडनमधल्या मुलांनाही ते नव्यानेच शिकावे लागतात.

थिअरीची ग्रेड ५ परीक्षा संगणकावर, पर्याय निवडून द्यायची असते. त्यात इंग्रजीत निबंध लिहायचा नसतो. शब्द आणि खुणांचा विभाग त्यात लहान असतो. लय, स्वरवाचन, कीज, इंटरव्हल्स आणि कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) यांचा वाटा मोठा. संभाषणाचा वर्ग यासाठी निरुपयोगी आहे. पुढे तिला करार वाचावे लागतील, परदेशी शिक्षकांना ईमेल लिहावे लागतील, तेव्हा इंग्रजी जरूर लागेल आणि ते तिने सवडीने सुधारावे. परंतु त्या वर्गाची फी सध्या तिच्या सरांकडे थिअरीच्या जादा तासांसाठी वळवणे अधिक शहाणपणाचे होईल. त्या तासांत बास, आल्टो आणि टेनर हे क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे सांगणाऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणा) विशेष करून घ्यायला सांगा, कारण व्हायोलिनचे सगळे लेखन ट्रेबल क्लेफमध्ये असल्याने हे तीन तिच्या नजरेखालून गेलेले नसतात.

परीक्षांविषयी थोडक्यात : एबीआरएसएमच्या ग्रेड ६ पासूनच्या प्रात्यक्षिक परीक्षांना ग्रेड ५ थिअरी किंवा त्या संस्थेला मान्य असलेला पर्याय आवश्यक आहे, ट्रिनिटी या दुसऱ्या ब्रिटिश संस्थेच्या प्रात्यक्षिक परीक्षांना अशी अट नाही, आणि हिंदुस्थानी संगीतात राहायचे असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाचा विशारदपर्यंतचा मार्ग खुला आहेच.

करिअरविषयी स्पष्टच सांगते. ग्रेड ८ चे प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. ध्वनिमुद्रणात पूर्वी जेथे व्हायोलिनवादकांच्या रांगा बसत, तेथे आज बरेचसे काम संगणकातल्या तयार आवाजांवर भागवले जाते. स्थिर उत्पन्न प्रामुख्याने शिकवण्यातून येते. त्याच्या जोडीला कार्यक्रमांत वाजवणे, वाद्यमेळासाठी लेखन आणि संगीतकारांसाठी नोटेशन तयार करून देणे अशी कामे असतात. म्युझस्कोअर हे नोटेशनचे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते तिने आतापासून हाताळावे. लिहिलेली ओळ त्यात लगेच ऐकता येते, त्यामुळे थिअरीचाही अभ्यास होतो. हिंदुस्थानी स्वर-ताल आणि स्टाफ नोटेशन या दोन्हींत सहज वावरणारी व्यक्ती आपल्याकडे दुर्मीळ असते, आणि तुमची मुलगी नेमकी त्याच वाटेवर आहे. तिने वाणिज्य शाखेतून बारावी नीट पूर्ण करावी. त्या अभ्यासाचा आणि व्हायोलिनचा मुळीच विरोध नाही. सीए मात्र ‘संगीत जमले नाही’ म्हणून पकडण्याचा पर्याय नाही. त्या परीक्षांना स्वतःची अनेक वर्षे आणि ओढ द्यावी लागते, आणि तिच्यात ती ओढ असल्याचे तुमच्या पत्रातून मला दिसले नाही.

तेव्हा आज संध्याकाळी व्हायोलिन तिच्या हाती परत द्या आणि ते काढून घेणे चूक होते, हे तिला मोकळेपणाने सांगा. यापुढे तिने रोज वाजवत असलेल्या पानावरचेच दोन-तीन शब्द घ्यावेत. शब्दावर बोट ठेवावे, तो मोठ्याने म्हणावा आणि लगेच वाजवून दाखवावा. परीक्षेची पुढची नोंदणी तुम्ही परस्पर करू नका. कीज आणि इंटरव्हल्स पक्के झाले असे तिचे सर म्हणतील आणि तीही ‘आता बसते’ म्हणेल, तेव्हाच अर्ज भरा. त्याला सहा महिने लागले तरी तिचे काहीही बिघडणार नाही.