जांघेतून अँजिओग्राफी झाल्यावर गाठ येऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

वडिलांची अँजिओग्राफी ठरलीय, शेजारच्या काकांना जांघेत रक्त साठून मोठी गाठ आली होती, तसं होऊ नये म्हणून काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी परळला कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, नर्स आहे, त्यामुळे हे रोजचंच.

आधी डॉक्टरांना विचारा, मनगटातून होईल का? तिथली धमनी वरवर असते, खाली हाड असतं, दाबली की रक्त थांबतं. जांघेतली धमनी खोल. सुई जरा वर लागली तर रक्त पोटामागे साठत जातं, बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही. अर्थात मनगटातली धमनी फार बारीक किंवा वेडीवाकडी असेल तर जांघच घ्यावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. आपल्या मनाने एकही बंद करू नका.

तपासणीसाठी जांघेतल्या धमनीत घातलेली नळी काढल्यावर १५-२० मिनिटं बोटांनी दाबून धरतात. सगळी मदार या दाबावर. वाळूची पिशवी ठेवली नाही म्हणून नातेवाईक रागावतात, पण तिने गाठी टळतात असं काही दिसलेलं नाही, उलट खालचं काही दिसत नाही. पुढे साधारण ४ ते ६ तास पाय सरळ. खोकला आला तर जांघेवर हात दाबून खोकायचं. आणि कृपा करून "दोन घास खा हो" म्हणत उठवून बसवू नका! पडल्यापडल्या चमच्याने भरवा.

घरी आल्यावर आठवडाभर पाण्याची बादली, जड पिशवी, लोकलची गर्दी नको. उकिडवं बसणंही टाळा. घरी कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड भाड्याने मिळतो. जिने चढावेच लागले तर सावकाश, थांबत.

थोडं काळंनिळं पडणारच. ते पसरतंय का हे कळावं म्हणून कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. गाठ वाढत असेल, हाताला धडधड लागत असेल, तर बाम चोळू नका, शेकूही नका. त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. पाय गार किंवा बधिर पडला, कंबर-पोट दुखून घाम फुटला, चक्कर आली, तर थेट कॅज्युअल्टी. भळाभळा रक्त आलं तर आडवं झोपवून जखमेच्या किंचित वर घट्ट दाबा आणि दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. हात काढून मधेमधे बघायचं नाही.