डब्लिनमध्ये खरा पारंपरिक आयरिश पब कुठला? आम्ही कुणी दारू पीत नाही, सोबत आईवडील आहेत, तरी जावं का?

जावं. आईवडिलांना घेऊनच जावं. "न पिणाऱ्यांनी पबमध्ये जाऊन करायचं काय?" हे मला माझ्याच घरातून ऐकवलं गेलं आहे, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

आधी टेंपल बार या पर्यटकांच्या भागाचं सांगते. तिथल्या गल्लीत फिरा, त्याच नावाच्या लाल पबसमोर फोटो काढा आणि पुढे चला. आत माइकवर गिटार घेऊन सगळ्या जगाला पाठ असलेली गाणी म्हणतात आणि गिनेस या काळ्या बिअरचे पैसे शहरात इतरत्र लागतात त्याहून बरेच जास्त घेतात. मी इतकी वर्षं इथे राहते, तिथे निवांत बसलेला म्हातारा डब्लिनकर मी पाहिलेला नाही.

संगीत ऐकायचं असेल तर स्मिथफील्ड भागातला 'कॉबलस्टोन' पब. 2021 मध्ये तिथे हॉटेल बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा लोक निषेध म्हणून खांद्यावर शवपेटी घेऊन रस्त्यावर उतरले आणि शेवटी नगरपालिकेने परवानगी नाकारली. पबसाठी लोक एवढे का भांडले, ते तिथे एक संध्याकाळ बसल्यावर कळतं. स्टेज नाही, माइक नाही. दाराजवळच्या कोपऱ्यात वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात. एकजण धून सुरू करतो, बाकीचे ती ओळखून आत शिरतात. दोन-तीनदा वाजली की न थांबता दुसरी, मग तिसरी. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, कॉन्सर्टिना नावाची हातात धरायची छोटी पेटी, कोपराखाली भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स, आणि बाउरॉन नावाचं डफासारखं वाद्य.

माझे वडील, अण्णा, माळकरी आहेत. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ते इकडे आले तेव्हा मी त्यांना तिथे घेऊन गेले. त्यांच्यासाठी लेमोनेड घेतलं आणि आम्ही भिंतीकडच्या बाकावर बसलो. पहिली दहा मिनिटं ते नुसते बघत होते. मग त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. एक जिग, म्हणजे नाचाची धून, संपली तशी माझ्याकडे वळून म्हणाले, "सहा मात्रा आहेत गं. दादरा." बाउरॉनवाल्याने त्यांची बोटं पाहिली असावीत. मधल्या सुट्टीत तो स्वतःहून आमच्याकडे आला. अण्णांनी "धा धी ना, धा ती ना" म्हणून दाखवलं, त्याने ते काडीने चामड्यावर उतरवलं. अण्णांनी विचारलं, कातडं कशाचं? शेळीचं, म्हणाला. मग वाद्य कसं तापवतात, पावसाळी हवेत आवाज बसतो तेव्हा काय करतात, असं बराच वेळ चाललं. मी मधे दुभाषी. इतक्या मोकळेपणाने अनोळखी माणसाशी बोलताना मी त्यांना गावातसुद्धा क्वचित पाहिलं आहे.

नंतर एका बाईने साथीशिवाय आयरिश भाषेत गाणं म्हटलं. अख्खा पब गप्प झाला. काउंटरवरच्या माणसानेही ग्लास भरायचे थांबवले. संपल्यावर अण्णांनी आधी हात जोडले, टाळ्या मग वाजवल्या.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. टेबलावर शेजाऱ्याचा काळा ग्लास दिसत होता. दादाचा लगेच फोन. "माळकरी माणसाला गुत्त्यात बसवलंस? गावात काय सांगायचं?" मी काही बोलायच्या आत अण्णांनी फोन घेतला. "इथं मला कुणी घे म्हणालं नाही आणि कुणी लपूनही पीत नव्हतं. तुझ्या वास्तुशांतीला रात्री गच्चीवर काय चाललं होतं, ते मला माहीत आहे." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही, पण दादाला अजून ते पटलेलं नाही.

न पिणारा माणूस इथे नवलाचा नाही. 1898 मध्ये याच शहरात कॅथलिकांची 'पायोनियर' नावाची दारूमुक्तीची संघटना सुरू झाली. आजन्म न पिण्याची शपथ घेतलेली, कोटाला तिची पिन लावणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पबमध्ये येत आली, कारण गावाच्या बातम्या तिथेच कळायच्या.

बाकीचे थोडक्यात. शांतता हवी तर ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीला लागून असलेला 'कॅव्हनाज', 1833 पासून एकाच घराण्याकडे. आत संगीत नाही, टीव्ही नाही. शेजारी बोटॅनिक गार्डन आहे, आईवडिलांना तेही आवडेल. जुनं लाकूडकाम आणि आरसे बघायचे तर 'लाँग हॉल' किंवा 'स्टॅग्ज हेड'. बॅगट स्ट्रीटच्या 'टोनर्स'मध्ये स्नग आहे, म्हणजे दार असलेली छोटी लाकडी खोली. पूर्वी बायकांना चारचौघांत बसून पिता येत नसे, त्या अशा खोलीत बसत. रिकामी मिळाली तर तिथेच बसा. 'ब्रेझन हेड' 1198 चा म्हणून मिरवतो, पण आजची इमारत त्याच्या कित्येक शतकं नंतरची. वेळ असेल तरच जा.

वादकांच्या खुर्च्यांवर बसू नका आणि कुणी एकट्याने गात असेल तर बोलू नका. ग्लास रिकामा ठेवून जागा अडवू नका, न पिणाऱ्याने निदान सोडा घ्यावाच. मुलं सोबत असतील तर रात्री नऊपर्यंत, मे ते सप्टेंबर दहापर्यंत.

आणि हो, या देशाला दारूने छळलेलं नाही असं माझं म्हणणं नाही. खूप छळलं आहे, म्हणून तर 2022 पासून दारूची किमान किंमत कायद्याने ठरवलेली आहे. शुक्रवार-शनिवारी रात्री शहराच्या मध्यभागी आईवडिलांना नेऊच नका. आठवड्यातल्या मधल्या वारी, संध्याकाळी लवकर जा. बहुतेक ठिकाणी बिनपाठीची स्टुलं असतात. उशीर केलात तर तीच उरतात आणि गुडघे-कंबर दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात, तेव्हा भिंतीकडचा बाक आधी धरा.