निवृत्तीनंतर स्वयंसेवी काम केलेल्या शिक्षिकेवर स्मरणलेख कसा लिहावा?

आपल्या शिक्षिकेच्या निधनाचे वाचून वाईट वाटले. आपण लिहिले आहे की निवृत्तीनंतरही त्या अनेक वर्षे स्वयंसेवी काम करत होत्या, कुटुंबीयांनी स्मरणलेखाची जबाबदारी आपल्यावर सोपवली आहे, आणि लिहिलेले प्रत्येक वाक्य जगातील कोणत्याही शिक्षिकेला लागू पडेल असे आपल्याला वाटते. माझ्या भाषेच्या बाईंवर लिहिताना मीही नेमका इथेच अडकलो होतो. पहिल्या मसुद्यात ‘कर्तव्यदक्ष’, ‘विद्यार्थिप्रिय’, ‘निःस्वार्थी’ अशी विशेषणे ओळीने बसली होती. त्यांतले एकही खोटे नव्हते, पण त्यांतून बाई काही दिसत नव्हत्या. शेवटी मी सगळी विशेषणे खोडली आणि प्रत्येकाच्या जागी एकच प्रश्न लिहिला: बाईंनी असे काय केले, म्हणून मी हा शब्द वापरला?

शाळेतल्या वर्षांबाबत उत्तरे लगेच मिळाली, कारण माजी विद्यार्थी बोलायला उत्सुक होते. त्याला कारणही आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांच्या मानाने जास्त येतात, असे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. शाळेतल्या बाई आपल्याला त्या काळात भेटलेल्या असतात, म्हणून त्यांचा आवाज, फळ्यावरचे अक्षर, लाल शाईतले शेरे हे सारे ठसठशीत राहते. शिवाय नोकरीच्या वर्षांची कागदावर नोंद असते, हजेरीपट असतात, वर्गाची छायाचित्रे असतात. निवृत्तीनंतरच्या कामाला यातले काहीच नसते. वेतन नाही म्हणून नोंद नाही, आणि ज्यांच्यासाठी काम केले ती माणसे बहुधा श्रद्धांजलीच्या सभेला येत नाहीत, कारण त्यांना कोणी कळवलेलेच नसते. त्यामुळे स्मरणलेखात शाळेला तीन पाने आणि पुढच्या सगळ्या वर्षांना ‘निवृत्तीनंतर त्यांनी समाजकार्यात स्वतःला वाहून घेतले’ एवढे एकच वाक्य मिळते. माझे आग्रहाचे सांगणे हे आहे की आपण त्या एका वाक्यापासून सुरुवात करा आणि ते उलगडायला जी माणसे लागतील, त्यांना शोधून काढा.

आमच्या बाई निवृत्तीनंतर दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवत आणि परीक्षेत त्यांच्या लेखनिक म्हणून बसत, एवढे मला ठाऊक होते. त्या ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी, शिकल्या होत्या, हे मात्र मला एका विद्यार्थ्याकडून कळले, जो आता स्वतः शिक्षक आहे. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या चौकटीत बसते आणि त्या ठिपक्यांच्या ६३ जुळण्या होतात. त्या पाठ करणे बाईंना जड गेले नाही. जड गेले ते लिहिणे. ब्रेल पाटीवर स्टायलसने, म्हणजे टोकदार सळईने, कागद टोचला की ठिपका मागच्या बाजूने उठतो, त्यामुळे लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलट्या आकारात लिहावे लागते आणि मग कागद पालथा करून वाचायचा असतो. आयुष्यभर फळ्यावर डावीकडून उजवीकडे चाललेला हात हे ऐकेना. तो विद्यार्थी तेव्हा तेरा वर्षांचा होता; तो बाईंनी लिहिलेल्या ओळीवरून बोट फिरवत म्हणे, “बाई, हे उलटं आलं,” आणि बाई तो कागद बाजूला ठेवून नवा कागद अडकवत. ज्यांच्या लाल शाईची आम्हाला धास्ती वाटे, त्या बाई एका मुलाकडून चुका काढून घेत होत्या, हे ऐकताना मला फार भरून आले.

दुसरी गोष्ट त्याच विद्यार्थ्याने सांगितली आणि माझा सगळा लेख तिच्याभोवती उभा राहिला. लेखनिकाने परीक्षार्थी जे सांगेल तेवढेच लिहायचे असते, सुचवायचे नसते आणि सुधारायचेही नसते. एका परीक्षेत त्याने उत्तर चुकीचे सांगितले. बाईंचे पेन क्षणभर थांबले आणि मग त्यांनी चुकीचे उत्तर जसेच्या तसे लिहिले. पेन कागदावर चालते तेव्हा त्याची बारीक करकर ऐकू येते, ती थांबलेली त्याला कळली. बाहेर आल्यावर बाईंनी त्याची माफी मागितली. माझे पेन थांबले हीसुद्धा सूचनाच झाली, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर कित्येक दिवस त्या घरी बहिणीला मुद्दाम चुकीची वाक्ये सांगायला लावत आणि न थांबता उतरवून घेण्याचा सराव करत. चूक दिसली की हात आपोआप दुरुस्तीला जाणे ही ज्यांची इतक्या वर्षांची सवय, त्यांनी ती सवय मोडायला काय केले असेल, ते ‘निःस्वार्थी’ या शब्दात मला कधीच सांगता आले नसते.

अशा गोष्टी मिळवायच्या तर “बाई कशा होत्या?” असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर पुन्हा विशेषणातच येते. त्या आल्या की आधी काय करत, कुठे बसत, कशावरून चिडत, शेवटच्या भेटीत काय बोलल्या, असे विचारा. ऐकलेले त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि वर्षे व पदे मात्र कागदपत्रांवरून ताडून पाहा. कोणाकडे जुनी पत्रे आहेत का, हेही विचारा. फ्रेंच लेखक अल्बेर काम्यू यांना १९५७ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा १९ नोव्हेंबर रोजी त्यांनी अल्जीअर्समधले आपले प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मँ यांना पत्र लिहून कळवले की आईनंतर पहिला विचार तुमचाच आला. घरच्या गरिबीत वाढणाऱ्या या मुलाला जेर्मँ यांनी शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तयार केले होते, एवढे कळले की ते छोटेसे पत्र वेगळेच वाचले जाते. तसे एखादे पत्र आपल्या बाईंच्या कपाटातही असू शकेल, पण ते छापण्याआधी लिहिणाऱ्याची परवानगी घ्या. ज्या प्रौढांना बाईंनी लिहायला-वाचायला शिकवले किंवा अडचणीत मदत केली, त्यांची नावे तर विचारल्याशिवाय मुळीच घालू नका.

कठोरपणाही गाळू नका. माझ्या एका वर्गमित्राला बाईंनी अक्षरावरून सगळ्यांसमोर बोल लावले होते आणि ते तो विसरलेला नाही. बाईंच्या मुलीला विचारूनच मी ते लेखात ठेवले. ती म्हणाली, आईलाही ते शेवटपर्यंत डाचत होते.

मसुदा पूर्ण झाला की ज्यांच्याकडून ऐकले त्यांना तो वाचून दाखवा. मी त्या विद्यार्थ्याला फोनवर लेख वाचून दाखवला, तेव्हा त्याने शांतपणे सगळा ऐकला आणि एकच दुरुस्ती सांगितली. बाई ब्रेल पाटी टेबलावर ठेवत, असे मी अंदाजाने लिहिले होते. त्या ती मांडीवर घेत, म्हणजे शेजारी बसलेल्या त्याला हात लांबवून ओळ तपासता येई.