जुन्या गाडीची पॉवर विंडो अर्ध्यावर अडकली आहे, मोटर बदलावी लागेल का?

लगेच नको, आधी स्विच दाबून दाराला कान लावा. मोटर फिरते पण काच हलत नाही, म्हणजे बहुधा रेग्युलेटरची (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची) केबल तुटली आहे किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप फुटली आहे. आवाजच नसेल तर फ्यूज, मग स्विच, मग बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तपासा. दार उघडबंद होऊन ती तिथेच आतल्या आत तुटते, आणि नेमकी तीच बघायची राहते! स्विच दाबल्यावर मोटरच्या प्लगच्या दोन पिनांमध्ये १२ व्होल्ट येत असूनही मोटर गप्प असेल, तरच ती बदला. मोटरमध्येच कंट्रोल मॉड्यूल (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) असलेल्या गाड्यांना मात्र ही कसोटी लागू नाही. रेग्युलेटर सोडण्याआधी काच टेपने चौकटीला चिकटवा, नाहीतर ती दारात कोसळते.