या वयात मैत्रिणी कुठून आणायच्या?

"मॅडम, शाळा-कॉलेजात आपोआप मैत्रिणी झाल्या, आता कशा करायच्या?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तिशीतल्या आयांकडून हे मी सारखं ऐकते. सुरुवातीला विषय दुसराच असतो, मूल जेवत नाही, झोप नाही, नवऱ्याशी खटके उडतात. थोडं खणलं की खाली हे निघतं.

एकीची गोष्ट सांगते (तिला विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून). माहेर जळगाव, लग्नानंतर पुण्यात, वाकडला मोठी सोसायटी, मुलगा अडीच वर्षांचा, नोकरी सुटलेली आणि नवरा हिंजवडीहून घरी यायला आठ वाजतात. तिने मला फोनमधले नंबर दाखवले, 'विआन मम्मी बी ७०२', 'कियारा मम्मी जिमवाली', असेच सगळे. म्हणाली, यातल्या निम्म्या जणींची खरी नावं मला माहीत नाहीत आणि माझंही नाव त्यांच्याकडे असंच सेव्ह असणार.

बरं, प्रयत्न केले नव्हते असं नाही. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर तिने छान पोस्टर करून टाकलं होतं, शनिवारी माझ्या घरी क्राफ्ट नाइट, मंडला आर्ट, सगळ्यांनी या. अंगठे भरपूर आले. प्रत्यक्षात आली एकच, तीही लेकीला घेऊन, आणि लेक रडायला लागल्यावर पंधरा मिनिटांत गेली. ही बिचारी दोन प्रकारचे केक करून बसलेली. तिने त्यातून निष्कर्ष काढला की मी कोणाला आवडतच नाही.

मी म्हटलं, अगं, अंगठा म्हणजे 'वाचलं' एवढंच. ग्रुपवर बोलावलं की प्रत्येकीला वाटतं बाकीच्या जातीलच. त्यापेक्षा चार-पाच जणींनाच वेगवेगळं विचार, लिफ्टमध्ये भेटलीस तर तोंडावर, आणि प्रत्येकीकडून काहीतरी माग. "तुझ्याकडे क्रोशाची सुई आहे का, घेऊन येशील?" हे 'नक्की ये हं' पेक्षा कितीतरी जास्त चालतं, कारण मग तिच्या येण्याला काम असतं.

दुसरं म्हणजे एका रात्रीत संपेल असं काही घेऊच नकोस. मंडला संपला, फोटो काढला, खेळ खलास. तिच्या आईने तिला लहानपणी क्रोशा शिकवला होता म्हणून आम्ही लोकरीचे चौकोन ठरवले. ४ मिमीची सुई, साखळीची गोल कडी, त्यात तीन-तीन खांबांचे (म्हणजे उभ्या टाक्यांचे) चार गट, कोपऱ्यांना दोन-दोन साखळ्या, की पहिली फेरी झाली. प्रत्येकीने चौकोन करायचे आणि शेवटी सगळे जोडून एक पांघरूण. ते लवकर होणार नाही हाच त्याचा फायदा.

खाण्याबद्दल मी जरा कडकच असते. चहा आणि भडंग, बस. एकीने केक केला की दुसरीला पुढच्या वेळी पिझ्झा करावासा वाटतो आणि तिसरी मग येतच नाही. वेळ शुक्रवारी साडेआठ, पोरं बापांकडे. यावर दोन घरांत कुरबुर झाली म्हणे, होऊ दे.

पहिल्या रात्री तिघी आल्या. अर्धा तास शाळेच्या अ‍ॅडमिशन आणि कोणाचं पोर किती शब्द बोलतं यातच गेला. पण सुई हातात असली की मान खाली जाते, समोरचीच्या डोळ्यात बघावं लागत नाही, आणि मग बोलणं सुटतं. बी ७०२ वाली खांब मोजता मोजताच म्हणाली, "एक, दोन... मला ना डिलिव्हरीनंतर सहा महिने नुसतं रडू यायचं... तीन." कोणी काही सल्ला दिला नाही. एकीने फक्त तिचा गुंता झालेला लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला आणि सोडवत बसली.

(हे वाचणाऱ्या कोणाला आत्ता तसं होत असेल, दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटतंय, झोप-भूक गेलीय, तर क्राफ्टची वाट बघू नका. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ ला फोन करा, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत आहे, मराठीतही बोलतात.)

तिसऱ्या शुक्रवारनंतर ती परत नाराज. "मजा येते पण जवळचं असं कोणी झालं नाही अजून." मग मी तिला कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास सांगितला. साध्या मैत्रीला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. तुझे झालेत सहा! दर शुक्रवारी दोन तास धरले तरी साध्या मैत्रीलाच सहा महिने. हळदीकुंकवाला दहा मिनिटं येऊन वाण घेऊन गेलेल्या बायका मैत्रिणी होत नाहीत त्या याचमुळे. माणसं वाईट नसतात, तास भरत नाहीत.

हा हिशोब ऐकून तिला उलट हायसं वाटलं. मध्ये पोरांच्या तापामुळे दोन-तीन शुक्रवार बुडाले, एक जण कायमची गळाली, नवीन एक आली जिला क्रोशा ओ की ठो येत नाही, ती नुसती लोकर गुंडाळत बसते. चालतं. फोनमधली 'विआन मम्मी' आता नावाने सेव्ह आहे.

आता तिची तक्रार वेगळीच आहे. जिमवालीला पण बोलवूया असं ती म्हणतेय आणि दोघी म्हणतायत नको, ती फार बोलते. काय करू मॅडम? म्हटलं, पुढच्या सेशनला ये, बघू.