मंत्र ‘टाकावा’ की योजावा?

प्रश्न असा आहे : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळाचे नियम मराठीत लिहायचे झाले तर ‘स्पेल’ला मंत्र म्हणावे का, ‘कास्ट करणे’ यासाठी ‘मंत्र टाकणे’ चालेल का, आणि ‘स्पेल स्लॉट’साठी, म्हणजे मंत्र वापरण्याच्या मोजक्या ठरावीक संधींसाठी, मराठीत काही सापडेल का?

‘मंत्र’ हा शब्द मला योग्य वाटतो. जुन्या इंग्रजीत ‘स्पेल’ म्हणजे बोलणे, कथन. ‘गॉस्पेल’ या शब्दात तोच अर्थ टिकून आहे. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी उच्चारलेली वाणीच आहे. ‘जादू’ हा पर्याय वरवर सोपा दिसतो, पण तो मोजता येत नाही. ‘तिला सहा मंत्र येतात’ हे मराठी आहे, ‘तिला सहा जादू येतात’ हे नाही. ‘चेटूक’ मोजता येते, परंतु त्याला दुष्टपणाची छटा इतकी घट्ट चिकटलेली आहे की जखम भरून काढणाऱ्या पुरोहिताच्या तोंडी ते शोभणार नाही.

अडचण वेगळीच आहे. या खेळात मंत्राचे तीन घटक असू शकतात : तोंडाने म्हणायचे शब्द, हातांनी करायची क्रिया आणि जवळ बाळगायचे पदार्थ. अग्निगोलाच्या मंत्राला तिन्ही लागतात, आणि त्याचे पदार्थ वटवाघळाची विष्ठा व गंधक असे ठरलेले आहेत. याउलट २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडणाऱ्या मंत्राला, म्हणजे प्रतिमंत्राला, केवळ हस्तक्रिया पुरते. शब्द लागतच नाहीत. म्हणून संपूर्ण कृतीलाही मंत्र आणि तिच्यातल्या शब्दांनाही मंत्र म्हटले, तर तोंड बांधलेल्या जादूगाराला नेमके काय करता येत नाही हे वाचणाऱ्याला कळणार नाही. नाट्यशास्त्राने अभिनयाच्या प्रकारांसाठी ‘वाचिक’ आणि ‘आंगिक’ हे शब्द केव्हाच तयार करून ठेवले आहेत. ते येथे जसेच्या तसे बसतात, आणि तिसऱ्या घटकाला ‘सामग्री’ म्हणावे. मंत्र या शब्दाचा अर्थ मराठीत ‘यशाचा मंत्र’ म्हणण्याइतका आधीच सैल झालेला असल्यामुळे ‘या मंत्राला वाचिक घटक नाही’ हे वाक्य पहिल्या वाचनाला थोडे खटकले तरी पुढे रुळेल.

आता क्रियापद. ‘मंत्र टाकणे’ खेळाडूंच्या बोलण्यात येते, हे खरे आहे; पण ते इंग्रजी क्रियापदाच्या ‘फेकणे’ या मूळ अर्थाचे शब्दशः रूपांतर आहे, आणि मराठी कानाला ‘टाकला’ यात सोडून दिल्याचाही अर्थ ऐकू येतो. आपल्याकडे या बाबतीत क्रियापदांची चंगळ आहे. मोहिनी घालतात, भुरळ पाडतात, अस्त्र सोडतात, मूठ मारतात, शाप देतात, पाणी मंतरतात. प्रत्येक प्रकारच्या जादूला भाषेने स्वतःचे क्रियापद दिले आहे, आणि खेळ चालू असताना कथा पुढे नेणाऱ्या सूत्रधाराने वर्णन करताना हीच क्रियापदे वापरावीत, असे मला मनापासून वाटते.

नियमांच्या लेखनात मात्र हे वैभव घातक ठरते. प्रतिमंत्राचा नियम असा आहे की साठ फुटांच्या आत कोणी मंत्राचा प्रयोग करताना दिसला, तर त्या क्षणी तो रोखण्याचा प्रयत्न करता येतो. हा नियम मोहिनीला आणि अग्निगोलाला सारखाच लागू व्हायला हवा, आणि त्यासाठी सर्व मंत्रांना पुरणारे एकच क्रियापद हवे. माझी सूचना ‘योजणे’ अशी आहे. त्याचे क्रियानाम म्हणून ‘प्रयोग’ हाताशी आहे, आणि दोन्ही शब्द ‘युज्’ या एकाच धातूपासून आलेले असल्यामुळे ‘ती मंत्र योजते’ आणि ‘मंत्राचा प्रयोग चालू असताना’ ही वाक्ये एकमेकांना धरून राहतात. केवळ ‘प्रयोग’ हाच शब्द ‘स्पेल’साठी वापरला, तर ‘प्रयोगाचा प्रयोग’ अशी रचना करावी लागेल, म्हणून तो पर्याय मी बाजूला ठेवतो. प्रयोग पूर्ण झाल्यावर जे मागे उरते त्याला ‘प्रभाव’ म्हणावे. प्रतिमंत्र प्रयोगाला अडवतो. आधीच लागू झालेला प्रभाव संपवणारा मंत्र निराळा आहे, आणि त्याच्यासाठी ‘उतारा’ यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

‘स्लॉट’चे उत्तर मात्र खेळाच्या इतिहासात शिरल्याशिवाय देता येत नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील जादूची कल्पना जॅक व्हान्स यांच्या १९५० च्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकावरून घेतलेली आहे : जादूगार ठरावीक संख्येचेच मंत्र डोक्यात साठवू शकतो, आणि एखादा योजला की तो स्मरणातून पुसला जातो. ऐन युद्धात कर्णाला ब्रह्मास्त्राचा मंत्र आठवेनासा होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. फरक इतकाच की कर्णाचे विस्मरण शापामुळे होते, येथे ते रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. आपल्या परंपरेत मंत्र जपाने बळावतो, या खेळात तो वापराने संपतो, आणि ‘मंत्र’ शब्द निवडताना हा उलटा संस्कार वाचकाच्या मनातून आधी दूर करावा लागतो.

त्या जुन्या पद्धतीत ‘जागा’ हा शब्द बरोबर होता, कारण मंत्र खरोखरच एक जागा अडवत असे. पाचव्या आवृत्तीत सिद्ध केलेल्या, म्हणजे वापरासाठी तयार ठेवलेल्या, मंत्रांची यादी वेगळी आणि स्लॉट वेगळे झाले. पहिल्या पातळीच्या विझर्डजवळ (‘विझर्ड’ हा खेळातला जादूगाराचा एक प्रकार) पहिल्या श्रेणीचे दोन स्लॉट असतात. तो एकच मंत्र दोनदा योजू शकतो, किंवा सिद्ध केलेल्यांपैकी दोन वेगवेगळे, आणि दीर्घ विश्रांतीनंतर स्लॉट परत मिळतात. येथे कोणतीही वस्तू कोणत्याही जागेत बसत नाही, शक्तीचा एक ठरीव हिस्सा खर्च होतो. म्हणून मी ‘मात्रा’ सुचवतो. अग्निगोल तिसऱ्या श्रेणीचा मंत्र आहे आणि त्याची हानी आठ सहापैलू फाशांच्या बेरजेइतकी असते. तोच पाचव्या श्रेणीच्या मात्रेने योजला तर दहा फासे टाकायचे. औषध तेच आणि मात्रा मोठी, हा अर्थ शब्दातच आहे, शिवाय ‘मात्रा लागू पडणे’ हा वाक्प्रचार सोबत येतो.

मी वर ‘पातळी’ आणि ‘श्रेणी’ हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. इंग्रजीत पात्राच्या आणि मंत्राच्या चढत्या दर्जाला एकच शब्द आहे, त्यामुळे पाचव्या पातळीच्या विझर्डला पाचव्या श्रेणीचे मंत्र येत असतील असा समज नवख्यांचा हमखास होतो. प्रत्यक्षात त्याची मजल तिसऱ्या श्रेणीपर्यंतच असते, आणि सर्वोच्च नववी श्रेणी सतराव्या पातळीला खुली होते. गायगॅक्स यांनी १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात या संदिग्धतेची दखल घेतली होती, पण रूढ शब्दच कायम ठेवला. मराठीत लिहिणाऱ्याला ती तडजोड करण्याचे कारण नाही.

मात्रा न खर्चता हवा तेव्हा योजता येणारे शून्य श्रेणीचे किरकोळ मंत्र ‘चुटकी-मंत्र’ म्हणावेत. ‘चुटकीसरशी’ मनात असतेच. ‘कॉन्सन्ट्रेशन’साठी ‘एकाग्रता’ चुकीचा नाही, पण मी ‘अवधान’ घेईन. एका वेळी एकाच मंत्रावर अवधान राखता येते, दुसरा अवधानाचा मंत्र योजताच पहिला सुटतो, आणि मार बसल्यास ते टिकले की नाही हे फासा टाकून ठरते. अष्टावधानी माणूस आठ ठिकाणी लक्ष ठेवतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ‘जादूगार एकावधानी असतो’ एवढ्या वाक्यात अर्धा नियम समजतो.